घटक चाचणी, जावास्क्रिप्ट फलनांची

घटक चाचणी, जावास्क्रिप्ट फलनांची : संगणकाच्या आज्ञावलीतील स्वतंत्रपणे तपासता येईल अशा लहानात लहान भागास ठराविक आदान पुरवून त्याचे प्रदान अपेक्षेप्रमाणे मिळते की नाही, हे दुसऱ्या एका छोट्या आज्ञावलीकडून पडताळून घेण्याच्या पद्धतीस घटक चाचणी असे म्हणतात. शालेय शिक्षणात अभ्यासक्रमाच्या एकेका भागावर घेतल्या जाणाऱ्या घटक चाचणीशी तिचे केवळ नामसाम्य नाही. संपूर्ण रचनेची परीक्षा होण्यापूर्वी तिच्या प्रत्येक भागाची वेगळी परीक्षा घ्यावी, हा दोहोंमागील हेतू एकच आहे. जावास्क्रिप्ट ह्या भाषेत असा लहानात लहान भाग म्हणजे सामान्यतः फलन असते. एक वा अनेक मूल्ये घेऊन त्यांवर ठरलेली क्रिया करणाऱ्या आणि बहुधा एक उत्तर परत देणाऱ्या, नाव दिलेल्या सूचनासमूहास फलन म्हणतात. व्यवहारात त्याला फंक्शन असेही म्हटले जाते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत ह्या चाचणीला विशेष महत्त्व आहे. कार्यालयातील मध्यवर्ती संगणकावर चालणारी आज्ञावली तिच्या रचनाकाराच्या देखरेखीखाली असते. पृष्ठाबरोबर पाठविलेली जावास्क्रिप्ट आज्ञावली मात्र वाचकाच्या यंत्रावर चालते. तेथील ब्राउझर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, घड्याळ कोणत्या कालविभागानुसार लावलेले आहे आणि भाषा कोणती निवडलेली आहे, यांपैकी काहीच रचनाकाराच्या हाती नसते. शिवाय एखादे फलन मध्येच बंद पडले, तर त्याची नोंद सामान्य वाचकास न दिसणाऱ्या अशा जागी होते आणि पृष्ठ वरकरणी शाबूत दिसते. फलन बंद न पडता चुकीचे उत्तर देत असेल, तर अशी नोंदही होत नाही. भरलेल्या अर्जातील चुकीचे वय किंवा पावतीवरील चुकीची रक्कम खरी समजूनच पुढील व्यवहार होतो. असे दोष वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी पकडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे घटक चाचणी होय.

इतिहास : आज्ञावलीचे भाग सुटे करून तपासण्याची प्रथा संगणकाच्या आरंभीच्या दशकांपासून आढळते [→ संगणक]. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आज्ञावली-परीक्षणावरील ग्रंथात चाचणी ही आज्ञावली बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी नसून तीतील चुका शोधण्यासाठी असते, ही भूमिका स्पष्टपणे मांडली. चाचण्या त्याच भाषेत लिहून त्या आपोआप चालविण्याच्या आजच्या पद्धतीचे श्रेय मुख्यतः केंट बेक यांना दिले जाते. स्मॉलटॉक ह्या भाषेसाठी त्यांनी तयार केलेल्या चौकटीची माहिती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९९७ मध्ये बेक व एरिक गामा यांनी तिच्या धर्तीवर जावा भाषेसाठी जेयुनिट ही चौकट तयार केली आणि तिचे अनुकरण बहुतेक सर्व प्रचलित भाषांत झाले.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप ह्या कंपनीत तयार केली. तिचे पहिले प्रमाणीकरण १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्ट ह्या नावाने झाले. आरंभी तिचा उपयोग अर्जातील रकाने तपासणे, चित्रे बदलणे अशा किरकोळ कामांपुरता असल्याने तिच्या चाचण्यांची निकड भासली नाही. २००१ च्या सुमारास जेएसयुनिट ही चौकट उपलब्ध झाली, तरी चाचण्यांचा प्रसार पृष्ठांची रचना गुंतागुंतीची होऊ लागल्यावरच झाला. जेक्वेरी ह्या प्रसिद्ध फलनसंग्रहाच्या तपासणीसाठी जॉन रेसिग यांनी लिहिलेली क्यूयुनिट ही चौकट २००८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. तिच्या पाठोपाठ जस्मिन (२०१०), मोका (२०११) व जेस्ट (२०१४) ह्या चौकटी प्रचारात आल्या. रायन डाल यांनी २००९ मध्ये सादर केलेल्या नोड ह्या प्रणालीमुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेरही चालू लागली होती. त्यामुळे चाचण्यांसाठी दरवेळी ब्राउझर उघडण्याची आवश्यकता उरली नाही. २०२२ पासून नोडमध्येच चाचण्या चालविण्याची सोय अंतर्भूत आहे.

फाइलींची विभागणी : फलने पृष्ठाच्या मजकुरातच लिहिली, तर त्यांची चाचणी घेण्यासाठी संपूर्ण पृष्ठ उघडावे लागते. ती वेगळ्या फाइलीत ठेवल्यास तीच फाइल प्रत्यक्ष पृष्ठाला आणि चाचणीच्या पृष्ठाला अशी दोन्हींकडे जोडता येते. म्हणून फलनांच्या फाइली, पृष्ठाच्या फाइली व चाचण्यांच्या फाइली वेगवेगळ्या ठेवणे, ही घटक चाचणीची पहिली पायरी मानली जाते. फलनांची प्रत काढून ती चाचणीच्या फाइलीत उतरविणे हा मात्र उपाय नव्हे. मूळ फलनात पुढे फेरफार झाला, तरी चाचणी जुन्या प्रतीचीच परीक्षा घेत राहते आणि तिचे यश निरर्थक ठरते.

पारंपरिक पद्धतीने पृष्ठाला जोडलेल्या फाइलींना स्वतःचे वेगळे नामक्षेत्र नसते. सर्व फाइलींतील वरच्या पातळीवरची नावे एकाच सामाईक क्षेत्रात येतात. त्यामुळे तीन अडचणी उद्भवतात. पहिली अडचण नावांच्या टकरीची होय. दोन फाइलींत एकाच नावाचे फलन नेहमीच्या पद्धतीने घोषित केले असेल, तर नंतर वाचलेले फलन आधीच्याची जागा मुकाट्याने घेते. हेच नाव लेट वा कॉन्स्ट ह्या शब्दांनी दुसऱ्यांदा घोषित झाले, तर ती दुसरी फाइल अजिबात चालत नाही. दुसरी अडचण क्रमाची होय. एका फाइलीतील सूचना वाचताक्षणीच दुसऱ्या फाइलीतील फलन वापरत असतील, तर ती दुसरी फाइल आधी जोडलेली असणे आवश्यक असते. तिसरी अडचण नोडसंबंधीची आहे. नोडमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र मानली जाते व एका फाइलीतील नावे दुसरीस आपोआप दिसत नाहीत. ब्राउझरसाठी लिहिलेली साधी फाइल तेथे वाचली गेली, तरी तिच्यातील फलने चाचणीच्या हाती लागत नाहीत.

ह्या अडचणींवर क्रमाक्रमाने उपाय निघाले. एका फलनाच्या आत इतर फलने बंदिस्त करून बाहेर फक्त एकच नाव ठेवण्याची युक्ती प्रथम रूढ झाली. २००९ मध्ये सुरू झालेल्या कॉमनजेएस ह्या उपक्रमातील संकेतांनुसार फाइलीने कोणती फलने बाहेर द्यावयाची, हे मॉड्यूल ह्या वस्तूद्वारे सांगितले जाते. नोडने हे संकेत स्वीकारले. तथापि ब्राउझरला ही वस्तू ठाऊक नसल्याने, ती उपलब्ध असल्यासच फलने तिच्याकडे सोपवावीत, अशी अटीची ओळ फाइलीच्या अखेरीस लिहिण्याचा प्रघात पडला. जुन्या फाइली न मोडता चाचणीखाली आणण्यासाठी ही एक ओळ आजही उपयुक्त ठरते. भाषेच्या २०१५ च्या प्रमाणात मॉड्यूलची अधिकृत व्यवस्था आली. तीनुसार एक्स्पोर्ट ह्या शब्दाने फलन बाहेर देता येते व इंपोर्ट ह्या शब्दाने ते आत घेता येते. प्रमुख ब्राउझरांत ही व्यवस्था २०१७-१८ मध्ये उपलब्ध झाली. अशा फाइलीचे नामक्षेत्र स्वतंत्र असते व घोषित न केलेल्या नावास मूल्य दिल्यास ती चूक मानली जाते. एक व्यावहारिक बाब येथे लक्षात ठेवावी लागते. संगणकाच्या चकतीवरून थेट उघडलेल्या पृष्ठास अशा मॉड्यूल फाइली वाचण्यास ब्राउझर सुरक्षिततेच्या कारणास्तव सामान्यतः मनाई करतो. म्हणून चाचणीचे पृष्ठ त्याच संगणकावरील छोट्या सर्व्हरमार्फत उघडावे लागते.

चाचणीयोग्य फलन : फाइल वेगळी केल्याने फलन चाचणीयोग्य होतेच असे नाही. एखादे फलन पृष्ठावरील रकान्यातून मजकूर वाचते, त्यावरून वय काढते, ते पृष्ठावर दाखविते आणि सर्व्हरकडे पाठविते, असे समजू. ह्या फलनाची चाचणी घ्यावयाची, तर पृष्ठ, रकाना, आजची तारीख व जाळे ही सर्व सिद्ध ठेवावी लागतील आणि चाचणी फसल्यास दोष कोणाचा हे कळणार नाही. हेच काम चार फलनांत विभागले, तर वय काढणारे फलन केवळ जन्मतारीख व गणनेची तारीख घेऊन एक संख्या परत देईल. आदानाखेरीज अन्य कशावरही अवलंबून नसणाऱ्या आणि उत्तर देण्याखेरीज बाहेर कोणताही बदल न करणाऱ्या फलनास शुद्ध फलन म्हणतात. शुद्ध फलनाची चाचणी एका ओळीत लिहिता येते. म्हणून घटक चाचणीची खरी सुरुवात चौकटीच्या निवडीपासून होत नाही, ती फलनाच्या रचनेपासून होते. हिशेब करणारा भाग आणि पृष्ठाशी बोलणारा भाग यांची फारकत जेवढी स्पष्ट, तेवढी चाचणी सोपी व विश्वसनीय असते. जे फलन तपासणे अवघड जाते, त्यात बहुधा एकाहून अधिक कामे कोंबलेली असतात. ह्या अर्थाने चाचणी लिहिण्याचा प्रयत्न हा रचनेतील दोष दाखविणारा निदर्शकही आहे.

चाचणीची रचना : प्रत्येक चाचणीचे तीन भाग असतात : पूर्वतयारी, क्रिया व पडताळा. पूर्वतयारीत आदाने सिद्ध केली जातात, क्रियेत फलनाला एकदाच बोलाविले जाते आणि पडताळ्यात मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिले जाते. ही तुलना करणाऱ्या विधानास अपेक्षा-विधान म्हणता येईल. ते असत्य ठरल्यास चौकट ती चाचणी फसल्याचे नोंदविते व अपेक्षित आणि प्रत्यक्ष अशी दोन्ही मूल्ये दाखविते. चाचणीला दिलेले नाव वर्णनात्मक असावे. ‘अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वय १७’ अशा नावावरून चाचणी फसताच काय बिघडले ते कळते. ‘चाचणी ४’ ह्या नावावरून काहीच कळत नाही.

अपेक्षित उत्तर स्वतंत्र मार्गाने, म्हणजे हाताने हिशेब करून, नियमाच्या मूळ मजकुरावरून किंवा विश्वसनीय कोष्टकावरून काढलेले असणे अत्यावश्यक आहे. फलन एकदा चालवून जे उत्तर आले तेच अपेक्षित म्हणून लिहून ठेवल्यास चाचणी फलनातील चुकीवरच शिक्कामोर्तब करते. प्रत्येक चाचणी इतरांपासून अलिप्तही असली पाहिजे. एका चाचणीने बदललेले सामाईक मूल्य दुसरीच्या वाट्यास आले, तर चाचण्यांचा क्रम बदलताच निकाल बदलतात. याकरिता प्रत्येक चाचणीपूर्वी परिस्थिती नव्याने मांडण्याची व नंतर आवरून ठेवण्याची सोय बहुतेक चौकटींत केलेली असते.

आदानांची निवड : सर्व संभाव्य आदाने तपासणे अशक्य असल्याने निवडक आदानांवर भिस्त ठेवावी लागते. ज्यांच्याशी फलन सारख्याच रीतीने वागेल अशा आदानांचे गट पाडून प्रत्येक गटातील एक प्रतिनिधी आणि गटांच्या सीमेवरील मूल्ये घेणे, ही रूढ पद्धत होय.

रकमेत भारतीय पद्धतीने स्वल्पविराम घालणारे फलन हे याचे बोलके उदाहरण आहे. ह्या पद्धतीत उजवीकडील पहिला गट तीन अंकांचा व पुढील सर्व गट दोन अंकांचे असतात. पाश्चात्त्य पद्धतीत सर्वच गट तीन अंकांचे असतात. ९९,९९९ पर्यंत दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते आणि एका लाखापासून ती वेगळी होतात. म्हणून ५००, १,२५० व ७५,००० ह्या रकमा घेऊन केलेल्या चाचण्या चुकून पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या फलनासही उत्तीर्ण करतील. ९९,९९९ व १,००,००० ह्या सीमेवरील दोन रकमा मात्र दोष तत्काळ उघड करतात. समजा, फलन रकमेस अक्षरांची माळ मानून शेवटची तीन अक्षरे वेगळी काढते व उरलेल्यांचे दोन-दोनांचे गट पाडते. पूर्ण व धन संख्यांसाठी ही रीत अचूक आहे. उणे १०० ही रक्कम दिल्यास मात्र उणे चिन्ह हाच उरलेला गट समजला जाऊन चिन्हानंतर स्वल्पविराम पडतो आणि १२३४.५ ही रक्कम ‘१,२३,४.५’ अशी छापली जाते. तेव्हा शून्य, तीन अंकी रक्कम, १,०००, एक लाखाच्या अलीकडची व पलीकडची रक्कम, एक कोटी, उणे रक्कम आणि अपूर्णांक एवढी आदाने ह्या एका छोट्या फलनासाठी किमान आवश्यक ठरतात.

भाषेच्या जुन्या नियमांतून उद्भवलेला एक दोष आणखी उद्बोधक आहे. मजकुरातून पूर्णांक वाचणारे पार्सइंट हे अंगभूत फलन, पाया स्पष्ट न सांगितल्यास आणि आरंभी शून्य असल्यास, अनेक जुन्या ब्राउझरांत त्या मजकुरास अष्टमान पद्धतीतील संख्या मानीत असे. ‘०१’ ते ‘०७’ यांचे वाचन त्यामुळे योग्य होई, ‘१०’ ते ‘१२’ यांचेही होई. परंतु अष्टमान पद्धतीत ८ व ९ हे अंकच नसल्याने ‘०८’ व ‘०९’ यांचे उत्तर शून्य येई. महिना वाचण्यासाठी असे फलन वापरणारा अर्ज वर्षातील दहा महिने निर्दोष चाले आणि ऑगस्ट व सप्टेंबरमध्येच चुके. बाराही महिन्यांची चाचणी एकदा घेतली असती, तर जानेवारीतही तो दोष सापडला असता. डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषेच्या पाचव्या प्रमाण-आवृत्तीत हा अर्थ रद्द करण्यात आला.

मराठी वाचकांसाठीच्या पृष्ठांच्या बाबतीत देवनागरी अंकांचे आदान हा एक स्वतंत्र गट मानणे आवश्यक आहे. भाषेची अंगभूत फलने देवनागरीत लिहिलेल्या ‘१२३’ ह्या मजकुरास संख्या मानीत नाहीत; ‘संख्या नव्हे’ अशा अर्थाचे विशेष मूल्य परत देतात. त्या मूल्यावर पुढे कोणतीही बेरीज-वजाबाकी केली, तरी उत्तर तेच राहते. यासाठी अंक बदलून घेणारे वेगळे फलन लिहून त्याची शून्य ते नऊ ह्या दहाही अंकांसाठी व मिश्र मजकुरासाठी चाचणी घ्यावी लागते. अपूर्णांकांच्या तुलनेतही सावधगिरी लागते. जावास्क्रिप्टमधील सामान्य संख्या द्विमान पद्धतीने ६४ बिटांत साठविल्या जात असल्याने ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ इतकी भरत नाही. छापून येणाऱ्या उत्तरात १७ व्या दशांशस्थळी ४ हा अंक दिसतो. अशा उत्तरांची तुलना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या फरकाला मुभा देऊन करतात, किंवा पैशांचे हिशेब रुपयांऐवजी पूर्ण पैशांत करतात.

पृष्ठ, काळ व जाळे यांवर अवलंबून असणारी फलने : सर्वच फलने शुद्ध असू शकत नाहीत. पृष्ठावर काही दाखविणाऱ्या फलनास पृष्ठाच्या घटकांचा वृक्ष लागतो. त्याच्या चाचणीसाठी लहानसा कृत्रिम वृक्ष तयार करून फलनाच्या क्रियेनंतर त्यात झालेला बदल पाहतात. पृष्ठाचा घटक फलनाने स्वतः शोधण्याऐवजी तो त्यास आदान म्हणून देणे अधिक सोयीचे असते.

काळावर अवलंबून असणाऱ्या चाचण्या विशेष फसव्या असतात. फलन आजची तारीख स्वतःच विचारीत असेल, तर आज उत्तीर्ण होणारी चाचणी पुढील वर्षी, किंवा २९ फेब्रुवारीस, फसू शकते. म्हणून तारीख बाहेरून देतात किंवा चाचणीपुरते घड्याळ एका क्षणी स्थिर करतात. कालविभागाचा प्रश्नही यात मिसळतो. वर्ष, महिना व दिवस एवढेच असलेली प्रमाण स्वरूपातील तारीख जावास्क्रिप्ट जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र म्हणून वाचते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने १५ ऑगस्ट ही तारीख पुण्यातील यंत्रावर १५ ऑगस्टची पहाट ठरते. न्यूयॉर्कमधील यंत्रावर तीच १४ ऑगस्टची रात्र असते. परदेशस्थ वाचकाच्या अर्जावर जन्मतारीख एक दिवसाने मागे जाण्याचे हे एक सर्वपरिचित कारण आहे. एकाच गावातील यंत्रावर चाललेली चाचणी ते दाखवीत नाही. त्यासाठी किमान दोन कालविभागांत ती चालवावी लागते.

जाळ्यावरून माहिती आणणाऱ्या फलनाची चाचणी घेताना खऱ्या सर्व्हरच्या जागी ठरलेले उत्तर देणारे बदली फलन ठेवतात. यशस्वी उत्तराइतकेच उत्तर न येणे, उशिरा येणे व सदोष येणे यांचे नाटक बदली फलनाकडून वठविता येते. अशी फलने उत्तर तत्काळ न देता नंतर देतात. चाचणीने त्या उत्तराची वाट पाहिली नाही, तर पडताळा होण्यापूर्वीच ती संपते आणि काहीही न तपासता उत्तीर्ण ठरू शकते. जावास्क्रिप्टच्या चाचण्यांत आढळणाऱ्या खोट्या यशाचे हे एक नेहमीचे कारण होय. नवी चाचणी लिहिल्यावर फलनात मुद्दाम चूक करून ती फसते हे एकदा पाहून घ्यावे, असा संकेत त्यामुळेच पाळला जातो.

चालविण्याच्या पद्धती : चाचण्या चालविण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत चौकट, फलनांची फाइल व चाचण्यांची फाइल जोडलेले एक पृष्ठ ब्राउझरमध्ये उघडतात व निकाल त्याच पृष्ठावर वाचतात. ही पद्धत सर्वांत सोपी असून फलने प्रत्यक्ष वापराच्याच वातावरणात तपासली जातात. मात्र प्रत्येक ब्राउझर हाताने उघडावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत चाचण्या नोडमध्ये चालतात आणि पृष्ठाच्या वृक्षाची नक्कल जेएसडॉम ह्यासारख्या संग्रहाकडून पुरविली जाते. ही पद्धत जलद आहे व शुद्ध फलनांसाठी पुरेशी आहे. तथापि ही नक्कल पृष्ठाची प्रत्यक्ष मांडणी करीत नसल्याने घटकाची रुंदी, उंची व स्थान यांची मापे शून्य येतात. भाषाविषयक माहितीतही तफावत पडू शकते. नोडच्या १३ व्या आवृत्तीपूर्वी (२०१९) तिच्या नेहमीच्या संचात इंग्रजीखेरीज अन्य भाषांच्या अंक-तारखांचे संकेत नसत. त्यामुळे मराठी स्वरूपात संख्या लिहून देणारे फलन ब्राउझरमध्ये एक व चाचणीत दुसरेच उत्तर देई. तिसऱ्या पद्धतीत पडद्यावर खिडकी न उघडता खरा ब्राउझर चालवून चाचण्या त्याच्याकडून करवून घेतात. क्रोम ह्या ब्राउझरमध्ये ही सोय २०१७ मध्ये आली. व्यवहारात शुद्ध फलनांसाठी दुसरी व ब्राउझरच्या अंगभूत सोयी वापरणाऱ्या फलनांसाठी तिसरी पद्धत वापरली जाते. फाइलीत फेरफार होताच चाचण्या आपोआप चालाव्यात, अशीही व्यवस्था करतात.

व्याप्ती व मर्यादा : चाचण्या चालू असताना आज्ञावलीच्या किती ओळी व किती शाखा प्रत्यक्षात वापरल्या गेल्या, याच्या टक्केवारीस व्याप्ती म्हणतात. कमी व्याप्ती हे न तपासलेल्या भागाचे निश्चित लक्षण आहे. पण पूर्ण व्याप्ती हे निर्दोषपणाचे लक्षण नव्हे. वर दिलेल्या स्वल्पविरामाच्या फलनातील सर्व ओळी १२,३४,५६७ ह्या एकाच रकमेने वापरल्या जातात, तरीही उणे रकमेचा दोष शिल्लक राहतो. आज्ञावलीत मुद्दाम लहान बदल करून, उदा., अधिकच्या जागी उणे चिन्ह घालून, चाचण्यांना तो बदल कळतो का, हे पाहण्याची पद्धत डी मिलो, लिप्टन व सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडली. चाचण्यांचीच परीक्षा घेणारी ही पद्धत टक्केवारीपेक्षा अधिक बोलकी, परंतु वेळखाऊ आहे.

चाचणी दोषांचे अस्तित्व दाखवू शकते, त्यांचा अभाव सिद्ध करू शकत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचे प्रसिद्ध मत घटक चाचणीलाही लागू पडते. सुटी फलने निर्दोष असूनही त्यांची जोडणी चुकू शकते. एक फलन रक्कम रुपयांत देत असेल व दुसरे ती पैशांत घेत असेल, तर दोघांच्याही घटक चाचण्या उत्तीर्ण होतात आणि पावती मात्र शंभरपटीने चुकते. म्हणून घटक चाचण्यांच्या जोडीला जोडणीच्या व संपूर्ण पृष्ठाच्या चाचण्याही घ्याव्या लागतात. त्या सावकाश चालत असल्याने त्यांची संख्या कमी ठेवतात.

आज्ञावली लिहून झाल्यानंतरही घटक चाचण्यांचा उपयोग चालूच राहतो. वापरात आढळलेल्या प्रत्येक दोषासाठी, तो दूर करण्यापूर्वीच, त्याचे प्रात्यक्षिक देणारी चाचणी लिहून ठेवल्यास तोच दोष पुढील फेरफारात परत आल्याचे लगेच कळते. आज्ञावली लिहिणारी माणसे बदलतात, ब्राउझरांच्या आवृत्त्या बदलतात व नियमही बदलतात. वयाची अट अठराव्या वाढदिवशी पूर्ण होते की त्याच्या दुसऱ्या दिवशी, ह्यासारखा निर्णय कोणी केव्हातरी घेतलेला असतो आणि तो फलनाच्या मजकुरातून सहजासहजी वाचता येत नाही. चाचण्यांच्या फाइलीत तो उदाहरणांसह लिहिलेला असतो आणि प्रत्येक वेळी चाचणी चालविताना त्याचा नव्याने पडताळा होतो. त्यामुळे नव्याने काम हाती घेणाऱ्यास जुन्या फलनात हात घालण्यापूर्वी प्रथम त्याच्या चाचण्या वाचणे, आणि त्या नसल्यास आधी त्या लिहिणे, हिताचे ठरते.